परदेशी तज्ज्ञ आपला निवडणूक कायदा तपासतील का? डिचोलीहून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या काही तरुणांनी मिळून एक निवेदन तयार केलं आहे. विषय तीन: आमदारांची पक्षांतरं, मतदारयादीतून गळणारी नावं आणि पालिका-पंचायतींच्या प्रभाग आरक्षणाचा घोळ. युरोपातला व्हेनिस आयोग देशोदेशींचे निवडणूक कायदे तपासून मत देतो, असं त्यांच्या वाचनात आलं. म्हणून त्यांनी विचारलं आहे की आपला कायदा तिथं पाठवता येईल का, त्यांचं मत सरकारवर बंधनकारक असतं का, आणि नसेल तर त्याचा उपयोग काय.

मी पणजीत निवडणूक याचिका आणि पालिका-पंचायतींची प्रकरणं चालवतो. मधली काही वर्षं परदेशात, अशी छाननी करणाऱ्या गटांसाठी कायद्यांचे मसुदे वाचून टिपणं काढण्याचं कामही केलं आहे. दोन्हीकडचा अनुभव असल्यामुळे उत्तर लांबेल, पण तुमचं निवेदन वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तरच लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, पाठवता येणार नाही. व्हेनिस आयोग ही युरोप परिषदेची सल्लागार संस्था. पूर्व युरोपातल्या राजवटी कोसळल्यावर नव्या राज्यघटना लिहिणाऱ्या देशांना कायदेशीर मदत व्हावी म्हणून ती १९९० मध्ये सुरू झाली. आज साठच्या आसपास देश तिचे सदस्य आहेत आणि त्यांत ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया असे युरोपाबाहेरचे देशही आहेत. भारत त्यांत नाही. आणि सदस्य देशातसुद्धा मत मागवायचा अधिकार संसदेला, सरकारला, राष्ट्रप्रमुखाला किंवा युरोप परिषदेच्या संस्थांना असतो. घटनात्मक न्यायालयही एखाद्या खटल्यात मत मागवू शकतं. पण नागरिकांच्या गटाला थेट अर्ज करून कायदा तपासून घेता येत नाही, मग तो गट फ्रान्समधला असो की डिचोलीतला.

पण तुमचा खरा प्रश्न हा नाही, असं मला वाटतं. इथल्या कायद्यात काय चुकतंय ते बाहेरच्या कुणी मोठ्या माणसाने सांगितल्याशिवाय आपलं कुणी ऐकणार नाही, ही त्यामागची भावना आहे. ती मी समजू शकतो. पण परदेशी तज्ज्ञांकडे आपल्यापेक्षा वेगळी अशी कोणती गोष्ट असते, हे आधी समजून घ्या. ती गोष्ट म्हणजे कायदा वाचायची एक रीत. ती शिकून घेता येते, आणि तिला सदस्यत्व लागत नाही.

हे मत तयार कसं होतं ते सांगतो. एखाद्या देशाने निवडणूक कायद्यात बदल करायचं ठरवलं आणि मत मागवलं की मसुदा आयोगाकडे जातो. आयोग आपल्या सदस्यांतून दोन-चार जणांना नेमतो. बहुतेक जण न्यायाधीश किंवा कायद्याचे प्राध्यापक असतात. निवडणुकांच्या बाबतीत वॉर्सात असलेलं ओडिहर हे कार्यालयही बऱ्याच वेळा सोबत असतं. ओडिहर म्हणजे युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेची निवडणूक निरीक्षण करणारी शाखा. हे लोक त्या देशात जातात, मंत्र्यांना भेटतात, विरोधकांना भेटतात, निवडणूक आयोग, न्यायाधीश, स्वयंसेवी संस्था, पत्रकार या सगळ्यांशी बोलतात. मग कलमवार मसुदा लिहिला जातो आणि व्हेनिसमध्ये वर्षातून चार वेळा भरणाऱ्या बैठकीत तो मंजूर होऊन प्रसिद्ध होतो. प्रसिद्ध होतो, हे महत्त्वाचं. सरकारला तो कपाटात ठेवता येत नाही.

तपासायला त्यांच्या हातात मुख्य दस्तऐवज असतो तो २००२ मध्ये स्वीकारलेल्या निवडणुकीच्या आचारसंहितेचा. आपल्याकडे निवडणूक लागली की जी आचारसंहिता लागू होते तिच्याशी याचा गोंधळ करू नका. ही संहिता उमेदवारांसाठी नसून कायदे करणाऱ्यांसाठी आहे. मताधिकार सर्वांना, समान, मुक्त, गुप्त आणि थेट असावा, ही तिची पाच तत्त्वं. ती आपल्याला नवी नाहीत. तिचा कस लागतो तो तपशिलात. एका मतदारसंघाची संख्या सरासरीपासून १० टक्क्यांहून जास्त दूर जाऊ नये, आणि खास कारण असल्याशिवाय १५ टक्क्यांची रेघ तर ओलांडूच नये. जागांचं फेरवाटप किमान दहा वर्षांतून एकदा व्हावं. निवडणूक पद्धत, आयोगाची रचना आणि मतदारसंघांच्या सीमा या तीन मूलभूत गोष्टी मतदानाला एक वर्ष उरल्यावर बदलू नयेत. तक्रारींचा निकाल काही दिवसांत लागावा, म्हणजे मतदानाआधी चूक दुरुस्त होईल.

काही गोष्टी मात्र ही संहिता सांगत नाही. कोणती निवडणूक पद्धत चांगली, हे ती सांगत नाही. गोव्यात २०२२ मध्ये सुमारे ३३ टक्के मतांवर एका पक्षाला ४० पैकी २० जागा मिळाल्या आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मतं मिळवलेल्या दुसऱ्या पक्षाला एकच. यावरून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी करणारे मला भेटतात आणि म्हणतात, आंतरराष्ट्रीय निकष आपल्या बाजूने आहेत. तसे ते नाहीत. पद्धत निवडणं हा त्या त्या देशाचा अधिकार आहे, एवढंच संहिता म्हणते. तुम्हाला ती मागणी करायची असेल तर स्वतःच्या युक्तिवादावर करा.

या कामात अनेक देशांचे मसुदे वाचताना मी प्रत्येक कलमाशेजारी तीन प्रश्न लिहायला लागलो. हा निर्णय कोण घेणार? कधी घेणार? आणि तो चुकला तर मतदानाआधी कुणाकडे दाद मागता येणार? वरवर निरुपद्रवी वाटणारं कलम या तीन प्रश्नांपुढे उघडं पडतं. तुमच्या निवेदनातले तिन्ही विषय याच प्रश्नांतून तपासून बघू.

प्रभाग आरक्षणापासून सुरुवात करतो, कारण तिथं गोव्याचं उदाहरण फार बोलकं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पालिका प्रभागांच्या आरक्षणाची अधिसूचना निघाली आणि मतदान ठेवलं होतं मार्चमध्ये. लोक न्यायालयात गेले. १ मार्चला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हापसा, मडगाव, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांचं आरक्षण रद्द केलं. महिलांना एक-तृतीयांश जागा मिळत नव्हत्या, हे त्यातलं एक ठळक कारण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १२ मार्चला निकाल आला. त्या वेळी राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सरकारच्याच विधी सचिवांकडे होता. सरकारच्या सेवेत असलेला अधिकारी राज्य निवडणूक आयुक्त होऊ शकत नाही, आयुक्त स्वतंत्रच हवा, असं न्यायालयाने ठणकावून सांगितलं, आणि ते फक्त गोव्यापुरतं नाही, सगळ्या राज्यांना.

आता तीन प्रश्न लावा. निर्णय घेणारा माणूस सरकारचाच नोकर होता. वेळ अशी निवडली होती की आव्हान द्यायला दिवस उरू नयेत. दाद मागता आली, पण उच्च न्यायालयात जाऊन, वकील लावून. व्हेनिसहून कुणी आलं असतं तर त्यांनीही याच तीन जागांवर बोट ठेवलं असतं. आपल्या न्यायालयाने त्यांच्या आधी आणि त्यांच्याशिवाय ते केलं. आणि हा निकाल त्यांच्या मतापेक्षा जास्त मोलाचा आहे, कारण तो बंधनकारक आहे. तुमच्या निवेदनात व्हेनिसचं नाव एकदाच आलं तरी चालेल, पण हा निकाल मात्र पहिल्या पानावर हवा.

याच विषयात तुम्हाला स्वतः करता येण्यासारखं एक काम आहे. तुमच्या पंचायतीची प्रभागवार मतदारयादी घ्या, प्रत्येक प्रभागातले मतदार मोजा, सरासरी काढा आणि कोणता प्रभाग सरासरीपासून किती टक्के लांब आहे ते लिहा. काही ठिकाणी १५ टक्क्यांच्या पलीकडचा फरक दिसला तर दचकू नका, पण लगेच आरोपही करू नका. वाडे विखुरलेले असतील, मध्ये नदी किंवा खाणीचा पट्टा असेल, सत्तरीसारखा विरळ वस्तीचा भाग असेल, तर फरकाला कारण असतं आणि संहितेलाही ते मान्य आहे. कारण सापडत नसेल तेव्हाच मुद्दा उभा राहतो. निवेदनात ‘अन्याय झाला’ असं लिहिण्यापेक्षा हा तक्ता जोडा.

आता बंधनकारकपणाचं. व्हेनिस आयोगाचं मत कुणावरही बंधनकारक नसतं. हंगेरीत २०२० च्या अखेरीस नियम बदलला. देशव्यापी यादी द्यायची तर पक्षाने १०६ पैकी किमान ७१ मतदारसंघांत उमेदवार उभे केले पाहिजेत, अशी अट आली. आधी हा आकडा २७ होता. आयोगाने आणि ओडिहरने २०२१ मध्ये सांगितलं की तो बराच खाली आणा. आणला नाही. २०२२ ची निवडणूक त्याच अटीखाली झाली.

पण जॉर्जियाचं उदाहरण पाहा. तिथं काही मतदारसंघांत सहा हजारांच्या आसपास मतदार होते आणि काहींत दीड लाखाच्या आसपास. म्हणजे एका माणसाच्या मताला दुसऱ्याच्या पंचवीसपट वजन. आयोग आणि ओडिहर वर्षानुवर्षं हे लिहीत होते आणि वर्षानुवर्षं काही होत नव्हतं. मग २०१५ मध्ये देशाच्याच घटनात्मक न्यायालयाने ती रचना घटनाबाह्य ठरवली आणि २०१६ च्या निवडणुकीआधी सीमा नव्याने आखल्या गेल्या. न्यायालयात गेलेली माणसं तिथलीच, निकाल देणारे न्यायाधीश तिथलेच. बाहेरच्या मतांनी त्यांना इतकी वर्षं तयार केलेला, तपासलेला युक्तिवाद दिला. उपयोग काय, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी याच उदाहरणावरून देतो. मत आपोआप काही करत नाही. ते हातात घेऊन चालणारं कुणीतरी देशात असलं, तर त्याचा जोर वाढतो.

एक वर्षाच्या नियमाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण गोव्यात तो लवकरच चर्चेत येईल. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १,४९,२७५ आहे, म्हणजे साधारण दहा टक्के. तरीही ४० पैकी एकही विधानसभा मतदारसंघ त्यांच्यासाठी राखीव नव्हता. अनुसूचित जातींची संख्या २५,४४९ आणि त्यांच्यासाठी पेडणे राखीव. २०२५ मध्ये संसदेने जमातींना जागा देण्यासाठी कायदा केला. पुढची विधानसभा निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला अपेक्षित आहे. म्हणजे बदल एक वर्षाच्या आत येऊ शकतो. मग हा बदल आंतरराष्ट्रीय निकषांविरुद्ध ठरतो का?

माझं मत असं की नियमाचा हेतू पाहायचा. सत्तेत असलेल्याने खेळ सुरू होताना नियम आपल्या सोयीने फिरवू नयेत, यासाठी तो आहे. वीस वर्षांहून जास्त काळ अडलेला हक्क आणखी पाच वर्षं अडवण्यासाठी तो वापरणं मला मान्य नाही. पण त्याच वेळी कोणत्या जागा राखीव होणार ते ठरवण्याचा निकष आधी जाहीर व्हायला हवा, आकडे सर्वांना दिसायला हवेत आणि हरकतींना खरा वेळ मिळायला हवा. नाहीतर हक्काच्या जागा देताना कुणाचा तरी मतदारसंघ मुद्दाम कापल्याचा संशय येईल आणि त्याचा त्रास त्या समाजालाच होईल. दुसरा कुणी जाणकार याच्या उलट मत देऊ शकेल, हे मान्य करतो. हा प्रश्न परिस्थितीवर अवलंबून आहे आणि वेळापत्रक हातात आल्याशिवाय त्यावर शेवटचं काही बोलता येत नाही.

आता मतदारयादी. गोव्यात २०२५ च्या नोव्हेंबरपासून विशेष सखोल फेरतपासणी, म्हणजे ज्याला सगळे एसआयआर म्हणतात ती, सुरू झाली. तेव्हापासून मला येणारे सगळ्यात जास्त फोन याच विषयाचे. गोव्याचं दुखणं इतर राज्यांपेक्षा वेगळं आहे. इथं अनेक घरांत कुणीतरी पोर्तुगालमध्ये जन्मनोंद केलेली असते, कुणी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला असतो, कुणी तारवटी म्हणून महिनोन्‌महिने जहाजावर असतो, कुणी आखातात. चारही जणांना गावात ‘भायर आसा’ एवढंच म्हणतात, पण कायद्यात चौघांची स्थिती वेगवेगळी आहे.

ज्याने स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं तो भारतीय नागरिक राहत नाही, म्हणून मतदारही नाही. त्यावर वाद नाही. पण त्याने ते घेतलं की नाही, हा प्रश्न उभा राहिला तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ९(२) प्रमाणे त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यानेच निर्णय द्यायचा असतो. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा नुसत्या जन्मनोंदीवरून गावपातळीवर तो ठरवून टाकता येत नाही. यादीतून नाव काढण्याआधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिलीच पाहिजे. हे १९६० च्या मतदार नोंदणी नियमांत आहे आणि १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठाशीव केलं. आंतरराष्ट्रीय संहिताही हेच सांगते: यादी कायमस्वरूपी असावी, प्रसिद्ध व्हावी, नियमित अद्ययावत व्हावी आणि नाव नाकारलं तर न्यायिक तपासणी असावी. म्हणजे इथं आपला लिखित कायदा निकषांना उतरतो. कमी पडते ती अंमलबजावणी. म्हणून या भागात कायदा बदला असं लिहू नका. नोटीस न मिळता कुणाचं नाव गेलं, कुणाला किती दिवस मिळाले, याच्या तारखा लिहा.

तारवट्यांबद्दल मात्र एक निराशा आधीच सांगून ठेवतो. परदेशात राहणाऱ्या नागरिकांना मतदानाचा हक्क देता येईल, इतकंच संहिता म्हणते, दिलाच पाहिजे असं म्हणत नाही. आपल्याकडे २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी भारतीयांना यादीत नाव मिळालं, पण मत द्यायला प्रत्यक्ष केंद्रावर यावं लागतं. जहाजावरच्या माणसाला टपाली मत मिळावं ही मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते. पण तिला आंतरराष्ट्रीय आधार आहे असं लिहिलं तर कुणीही खोडून काढेल. सैनिकाला जो हक्क आहे तो तारवट्याला का नाही, या समानतेच्या मुद्द्यावर ती उभी करा.

पक्षांतराचा विषय शेवटी ठेवला, कारण त्यावर सगळ्यात जास्त लिहायचं आहे, आणि तुमच्या निवेदनातला हाच भाग मला पटलेला नाही. ‘पक्षांतर बंदी कायदा आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे अधिक कडक करा’ असं तुम्ही लिहिलं आहे. तज्ज्ञ इथं आले असते तर त्यांनी तुमच्या अपेक्षेच्या अगदी उलट सांगितलं असतं. व्हेनिस आयोगाचा २००९ चा एक अहवाल याच विषयावर आहे. त्याची भूमिका अशी की निवडून आलेला सदस्य लोकांचा प्रतिनिधी असतो, पक्षाचा नोकर नसतो. पक्ष सोडला किंवा पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून त्याची जागा काढून घेणं हे त्याच्या मुक्त प्रतिनिधित्वाला बाधक आहे. युक्रेनवर याच कारणासाठी टीका झाली होती. युरोपातही एकमत नाही, हे खरं. ज्या पोर्तुगालशी आपला चारशे-साडेचारशे वर्षांचा संबंध, त्याच्याच राज्यघटनेचं कलम १६० म्हणतं की ज्या पक्षातर्फे उभा राहिलास त्याहून वेगळ्या पक्षाचा सदस्य झालास तर तुझी जागा गेली. पण बहुतेक देशांत असं कलम नाही.

हे ऐकून गोव्यातला माणूस अस्वस्थ होतो, आणि का होऊ नये? मार्च २०१९ मध्ये मगोपच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, ३ पैकी २ आमदार भाजपमध्ये गेले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १०. सप्टेंबर २०२२ मध्ये, निवडणूक होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, काँग्रेसच्या ११ पैकी ८. आकडे नीट पाहा. तिन्ही वेळा दोन-तृतीयांशाची अट बरोबर पुरी झाली आहे. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीच्या, म्हणजे पक्षांतर बंदी कायद्याच्या, चौथ्या परिच्छेदात दोन-तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाला संरक्षण आहे. लोकसभेत हा आकडा गाठणं अवघड. ४० जणांच्या सभागृहात तीन आमदारांच्या पक्षातून दोघांनी एका संध्याकाळी ठरवलं की झालं.

इथं छाननीची रीत उपयोगी पडते. दोन वेगळे प्रश्न आपण एकत्र बांधून ठेवले आहेत. एखाद्या विधेयकावर आमदाराने आपल्या मतदारांना स्मरून पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, हा एक प्रश्न. मांडवी नदीत कॅसिनो हवेत की नकोत, जमीन रूपांतराचा कायदा हवा की नको, यावर पणजीच्या किंवा ताळगावच्या आमदाराला स्वतंत्र मत असायलाच हवं. दुसरा प्रश्न म्हणजे एका चिन्हावर निवडून येऊन सत्तेसाठी दुसऱ्या बाकावर जाऊन बसणं. आपला कायदा पहिल्याला शिक्षा करतो आणि दुसऱ्याला, गट पुरेसा मोठा असला की, अभय देतो. एकटा गेला तर अपात्र, दहा गेले तर पवित्र. हा दोष दाखवायला व्हेनिसची गरज नाही, पण त्यांचा अहवाल वाचल्यामुळे तो मला स्पष्ट दिसला, हे मान्य केलं पाहिजे.

मग निर्णय कोण घेतो? सभापती. तो स्वतः एका पक्षातून आलेला आणि सत्ताधारी बाजूच्या बहुमतावर बसलेला. कधी घेतो? जुलै २०१९ च्या घटनेवरच्या अपात्रता याचिकांवर सभापतींचा निकाल एप्रिल २०२१ मध्ये आला. चुकला तर? उच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, पुढच्या विधानसभेचं मतदान होऊन गेल्यावर. (उच्च न्यायालयाने सभापतींचा निर्णय कायम ठेवला, पण तो कोणत्याही बाजूने लागला असता तरी त्या विधानसभेसाठी त्याला अर्थ उरला नव्हता.) सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलं होतं की अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात आणि सभापतींऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण असावं का याचा संसदेने विचार करावा. संसदेने ते अजून केलेलं नाही.

म्हणून तुमच्या निवेदनातली ‘कायदा कडक करा’ ही ओळ काढा आणि तिथं तीन मागण्या लिहा. पक्षादेशाचं बंधन सरकारच्या अस्तित्वाशी संबंधित मतदानापुरतंच ठेवा, म्हणजे विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प. दोन-तृतीयांशाचं संरक्षण काढून टाका. पक्ष बदलायचा तर राजीनामा देऊन पोटनिवडणूक लढवा, मग एकटे असा की दहा. आणि निर्णय सभापतींकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्या, मुदतीसकट. शुद्ध आंतरराष्ट्रीय भूमिकेशी दुसरी मागणी जुळत नाही, हे मला माहीत आहे. तरीही मी ती सुचवतो, कारण गोव्यात मतदार चिन्ह बघून मत देतो आणि त्या विश्वासाला काहीतरी संरक्षण हवं. बाहेरचे निकष वाचावेत, पण ते आपल्या अनुभवापुढे डोळे झाकून लावू नयेत.

तुम्ही विचारलं नाही, पण एक मुद्दा सुचवावासा वाटतो. कोलवाळच्या तुरुंगातला कच्चा कैदी, ज्याच्यावर अजून गुन्हा शाबित झालेला नाही, तो आपल्या कायद्याप्रमाणे मत देऊ शकत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम ६२(५). २०१३ च्या दुरुस्तीनंतर तो तुरुंगातून निवडणूक मात्र लढवू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९६ मध्येच म्हटलं आहे की दोषी न ठरलेल्या माणसाचा मताधिकार काढू नये. नागरी व राजकीय हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार ही समिती पाहते, त्यात भारत १९७९ पासून आहे. म्हणजे इथं निकष परक्याचा नाही, आपण स्वतः स्वीकारलेल्या कराराचा आहे.

आणि बाहेरचा एक दरवाजा तुमच्यासाठी उघडा आहे, तो हा. ही समिती दर काही वर्षांनी भारताचा अहवाल तपासते. गेल्या वेळी हे जुलै २०२४ मध्ये जिनिव्हात झालं. तेव्हा देशातल्या संस्था आपलं टिपण सरकारच्या परवानगीशिवाय थेट समितीला पाठवू शकतात. वैयक्तिक तक्रार मात्र पाठवता येत नाही, कारण त्यासाठीचा जोडकरार भारताने स्वीकारलेला नाही. पुढची फेरी यायला वर्षं लागतील. तोपर्यंत थांबू नका.

आत्ता काय करायचं, तर निवेदनाचे दोन भाग करा. गोवा पंचायत राज कायदा १९९४ आणि पालिका कायदा १९६८ हे राज्याचे कायदे आहेत. ते पर्वरीत, म्हणजे गोवा विधानसभेत, बदलतात. प्रभागांची आखणी, आरक्षणाची अधिसूचना मतदानाच्या किती आधी निघावी, फिरत्या आरक्षणाचा क्रम आधी जाहीर व्हावा, या मागण्या तिथल्या आमदाराकडे आणि राज्य निवडणूक आयोगाकडे द्या. अधिसूचना किमान सहा महिने आधी निघालीच पाहिजे, एवढी एक दुरुस्ती झाली तरी २०२१ सारखी धावाधाव टळेल. माझ्या मते तुमच्या सगळ्या मागण्यांत हीच सर्वांत लवकर मान्य होण्यासारखी आहे. पक्षांतर आणि कच्च्या कैद्यांचा मुद्दा दिल्लीचा. तो खासदारांकडे आणि विधी व न्याय खात्याच्या संसदीय स्थायी समितीकडे पाठवा. प्रत्येक मागणीखाली तीन प्रश्नांची उत्तरं दोन-तीन ओळींत लिहा, आणि त्याखाली आपल्या न्यायालयाचा निकाल. आंतरराष्ट्रीय निकष त्याच्याही खाली, एका वाक्यात.

प्रभागांचा तक्ता करताना आकडे जुळेनात तर कळवा, बघून देईन. आणि मतदारयादीच्या भागासाठी नोटिसांच्या प्रती व नाव वगळल्याच्या तारखा आताच गोळा करायला लागा. निवडणूक जाहीर झाली की मामलेदार कार्यालयातली माणसं कामात बुडतात आणि साधी प्रत मिळायलाही आठवडे जातात.